खुशालीची बाटली आणि पोटातले लेकरू



आपल्या या पत्रकात बेणे, लागण, खत, पाणी, रिकव्हरी आणि उसाचा भाव यांची चर्चा नेहमी होते. ती व्हायलाच पाहिजे. त्यासाठीच तर आपण भागभांडवल भरले आहे. परंतु गळीत हंगाम तोंडावर आला की आम्हां मनमाड भागातल्या सभासदांच्या मनात आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो शेतकी खात्याच्या कोणत्याही रजिस्टरात लिहिलेला नसतो. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईच्या पोटात मूल असेल आणि तिच्या कोपीत दारू शिरलेली असेल, तर त्या मुलाचे पुढे काय होते? आणि त्याच्याशी सभासद म्हणून आपला काही संबंध पोचतो की नाही?

आमचे स्पष्ट मत असे की पोचतो, आणि चांगला पोचतो. तो कसा, एवढे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी वैद्यकातली गोष्ट सोप्या भाषेत सांगतो. गरोदर बाईने घेतलेली दारू तिच्या रक्तातून वारेवाटे बाळाच्या रक्तात जाते. बाळाच्या रक्तातले दारूचे प्रमाण थोड्याच वेळात आईच्या जवळपास पोचते. आईचे यकृत तयार झालेले असते, ते हळूहळू दारूचा निकाल लावते. बाळाचे यकृत कोवळे. त्याला ते जमत नाही. त्यामुळे ती दारू त्याच्या अंगात आणि भोवतालच्या पाण्यात रेंगाळत राहते. हात, पाय, हृदय हे अवयव पहिल्या तीन महिन्यांत आकाराला येतात. मेंदूची घडण मात्र पहिल्यापासून नवव्या महिन्यापर्यंत चालूच असते. म्हणून अमुक महिन्यात घेतली तर चालते, असा महिनाच नाही. अमुक घोट चालतात, असे मापही डॉक्टर मंडळी देत नाहीत. देशी, हातभट्टी, बिअर, ताडी, वाइन, नाव कोणतेही असो, बाळाला लागते ते त्यातले अल्कोहोल.

हे ज्ञान तसे फार जुने नाही. फ्रान्समधील नांत येथील डॉक्टर पॉल लेमवान यांनी १९६८ साली, दारू पिणाऱ्या आयांच्या शंभरावर मुलांत सारखीच व्यंगे दिसतात, असे लिहिले. पण त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७३ साली अमेरिकेतील सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तेच पुन्हा मांडले आणि या आजाराला नाव मिळाले. अशा मुलाचे वजन कमी, डोके लहान, डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट. हे दिसणारे झाले. न दिसणारे त्याहून वाईट. पाढे लक्षात राहत नाहीत, एका जागी बसवत नाही, काल शिकलेले आज आठवत नाही, चुकीचा परिणाम काय होईल हे कळत नाही. पुष्कळ मुलांचा चेहरा अगदी चारचौघांसारखा असतो, आणि मग घरचे आणि शाळेतले मिळून त्याला आळशी, उनाड, दगड्या ठरवून मोकळे होतात.

आपल्या भाषेत सांगायचे तर बेण्याची गोष्ट घ्या. आपण बेणे कसे निवडतो? बेणेमळ्यातले, नऊ ते अकरा महिन्यांचे, रसरशीत, डोळे फुगलेले. बेणेप्रक्रिया केल्याशिवाय जाणता शेतकरी कांडी सरीत दाबत नाही. का? डोळाच बिघडला तर वरून किती युरिया ओतला तरी फुटवा येत नाही, हे त्याला ठाऊक असते. माणसाचे लेकरू म्हणजे कांडी नव्हे. त्याला लवकर ओळखून मायेने शिकवले तर त्याचे पुष्कळ बरे होते. पण पोटात असताना मेंदूला झालेली इजा पुसून टाकणारे औषध आजही नाही. मात्र ती इजा मुळातच होऊ न देणे पूर्णपणे शक्य आहे. जन्मजात व्यंगांत असे सुदैव क्वचित असते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे साहेबांच्या देशातले. आपल्याकडे बाईमाणूस पिते कुठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा पाहिला तर महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील शंभर पुरुषांमागे सुमारे १४ पुरुष दारू घेतात, आणि हजार स्त्रियांमागे फक्त ४ स्त्रिया. हा आकडा आम्ही नाकारीत नाही. ऊसतोडीला येणाऱ्या बहुसंख्य बाया दारूला शिवत नाहीत. उलट नवऱ्याच्या दारूचा मार त्याच खातात. एखाद्या जातीजमातीकडे बोट दाखवण्याचेही कारण नाही. पण दारात वही घेऊन आलेल्या परक्या माणसाला कोणती बाई सांगेल की होय, मी घेते? आणि असे पाहा, राज्याची सरासरी ही सगळ्या बायांची सरासरी. जिथे कष्ट अमानुष, पोट अर्धे, झोप अपुरी आणि दारू हाताशी, तिथे धोका साहजिकच दाट होतो. धोक्यातल्या बाया थोड्या आहेत, ही तर उलट जमेची बाजू. थोड्या आहेत म्हणूनच त्यांच्यापर्यंत पोचणे अवघड नाही.

त्या बाईचा दिवस एकदा डोळ्यांसमोर आणा. पौषातली थंडी, पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या. उजाडायच्या आत फडात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. त्या कोयत्याने दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, आणि त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. ट्रक रात्री दहाला येईल नाहीतर दोनला. तो आला की उठायचेच. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्चून झालेली. एक दिवस अंग टाकले तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून फिरतात. दिवस गेले म्हणून खाडा चुकत नाही. अशा वेळी अंग ठणकते, झोप लागत नाही, थंडी हाडात शिरते. दवाखाना चार कोसांवर आणि क्वार्टर फडाच्या कडेला. नवरा म्हणतो, घे दोन घोट, बरं वाटेल. शेजारची म्हातारी म्हणते, आमच्या वेळी बाळंतिणीला सुद्धा ब्रँडी द्यायचे. बाई घेते. तिला मजा हवी म्हणून ती घेते, असे ज्याला वाटते त्याने एक रात्र ट्रक भरून पाहावा.

खाड्याची धास्ती काय करते हे आपल्या महाराष्ट्राने पाहिलेच आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. खाडा पडू नये ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक. ज्या व्यवस्थेत बाई आपली पिशवी काढून द्यायला तयार होते, त्या व्यवस्थेत तिला "दारू सोड" एवढाच उपदेश करणे म्हणजे तहानलेल्याला विहिरीचे चित्र दाखवण्यासारखे आहे.

आता आपला संबंध. एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. एक टन मळीपासून सुमारे २२० ते २६० लिटर स्पिरिट होते. म्हणजे टनामागे दहा लिटरच्या आसपास. हल्ली त्यातले पुष्कळसे इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यातून उसाला चार पैसे जास्त मिळतात. पण देशी दारूच्या बाटलीचे मूळही याच मळीत आहे, हे विसरून चालणार नाही. ऊस तोडला तिने, मळी झाली आपली, आणि ती बाटलीत भरून तिच्याच कोपीपर्यंत परत गेली. हे चक्र आपल्या एकट्याच्या हाताने थांबणार नाही, हेही आम्ही जाणतो.

मात्र दुसरी एक गोष्ट सर्वस्वी आपल्या हातात आहे. ती म्हणजे खुशाली. फडाचा नंबर लागला, टोळी आली, की टोळीला काहीतरी द्यावे लागते. कुठे रोख रक्कम, कुठे कोंबडं, आणि कित्येक ठिकाणी बाटली. ऊस वाळतोय, वजन घटतंय, गहू पेरायला रान मोकळं व्हायला पाहिजे, म्हणून सभासद देतो. मुकादम मागतो, गाडीवाला मागतो, आणि नाही दिली तर वाढे पडून राहतात आणि बुडखे उंच ठेवले जातात. शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे; तिची चेष्टा करायची नाही. पण ती बाटली कोपीत गेल्यावर कोणाच्या पोटात जाते हे बघायला बांधावर कोणी थांबत नाही. मजुरीला जोडून दारू देण्याची रीत पुढे कुठे नेते, याचे एक उदाहरण जगाच्या पाठीवर आहे, आणि ते आपल्या नाशिक जिल्ह्याने तर जरूर वाचावे, कारण तेही द्राक्षाच्या मुलखातले आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात गोऱ्या मालकांचे मोठमोठे द्राक्षमळे आहेत. तिथे मजुरांना मजुरीचा भाग म्हणून दिवसातून अनेकदा वाइन वाटण्याची पद्धत पिढ्यान्पिढ्या होती. तिला 'डॉप' म्हणत. माणूस कामाला बांधून ठेवण्याचा आणि हलक्या प्रतीची वाइन खपवण्याचा तो दुहेरी मार्ग होता. कायद्याने बंदी आल्यावरही ती कित्येक वर्षे रेंगाळली. पुढे पद्धत गेली, पण सवय मागे राहिली, आणि ती घराघरात बायांपर्यंत पोचलेली होती. गर्भात दारूची इजा झालेल्या मुलांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त कुठे, असे विचारले की आज त्या देशातल्या गावांची नावे पुढे येतात.

त्यांतले एक गाव मनमाडकरांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याचे नाव दे आर. कोरड्या पठारावरचे, पावसाची वानवा असलेले, आणि रेल्वेच्या फाट्यांमुळे वसलेले जंक्शन. आपले मनमाडही तसेच. इकडून मुंबई, तिकडून भुसावळ, खाली दौंड, आणि १९०० साली सुरू झालेला सिकंदराबादचा फाटा. चारी दिशांच्या गाड्या येतात, पण नळाचे पाणी मात्र वर्षानुवर्षे पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी यायचे. दे आरमध्ये पहिलीच्या वर्गातली मुले तपासली, तेव्हा शंभरातल्या सुमारे बारा मुलांत गर्भातल्या दारूच्या खुणा सापडल्या. ही पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. शंभरात बारा! गावातल्या प्रत्येक वर्गात तीन-चार मुले.

पण हे गाव कपाळाला हात लावून बसले नाही, आणि म्हणूनच ते आम्हांला महत्त्वाचे वाटते. तिथल्या कार्यकर्त्यांनी वर्तमानपत्रे आणि इतर साधने वापरून हा विषय घरोघर नेला. दवाखान्यात येणाऱ्या बायांशी न रागावता बोलणे सुरू केले. काही वर्षांनी पुन्हा बाळे तपासली. शंभरात सुमारे नऊ बाळांना असलेली ही इजा सहाच्या आत आली. २०१२ साली हा निष्कर्ष छापून आला. कोणतेही नवे औषध नाही, यंत्र नाही. बोलणे, पुन्हा बोलणे, आणि बाईला आपले म्हणणे.

तरीही ज्या बाईला दारूची खरोखरची लत लागली आहे, तिला नुसत्या बोलण्याने भागत नाही. तिच्यासाठी सिएटलच्या विद्यापीठाने १९९१ साली एक रीत बसवली. गरोदरपणात दारू वा नशा घेणाऱ्या बाईला एक सोबतीण द्यायची. ही सोबतीण डॉक्टर नव्हे, पोलीस नव्हे; तिनेही आयुष्यात असेच टक्केटोणपे खाल्लेले असतात आणि त्यातून ती बाहेर पडलेली असते. एका सोबतिणीकडे साधारण पंधरा-सोळा घरे. ती तीन वर्षे बाईच्या घरी येत-जात राहते. दवाखान्यात नेते, कागदपत्रे करून देते, राहायला जागा शोधते, उपचाराला बसवते, पुढचे मूल हवे की नको आणि हवे तर केव्हा, हे बाईला ठरवू देते आणि त्याची साधने मिळवून देते. बाई पुन्हा घसरली तरी तिचे नाव कापत नाही. ही रीत पुढे कॅनडातही गेली. तिच्यामागचा विचार साधा आहे. आईला आधार दिला की बाळ आपोआप राखले जाते, आणि पुढचे बाळही राखले जाते.

हे ऐकून कोणी म्हणेल, परदेशी कौतुक. तर मग घरचे उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळे सांभाळू लागल्या आणि ३९ गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते त्याच 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि नंतर सबंध देशातल्या आशाताईंच्या कामात ही पद्धत घेतली गेली. गडचिरोलीनेच लोकचळवळीच्या रेट्याने १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी मिळवली. म्हणजे थोडीफार शिकलेली गावातली बाई काय करू शकते, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको.

मग आमचे म्हणणे काय? येत्या सर्वसाधारण सभेपुढे आपण पाच गोष्टी मांडाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.

पहिली गोष्ट, खुशालीत बाटली बंद. टोळीला काही द्यायचेच तर ते गूळ, तेल, डाळ, शेंगदाणे, घोंगडी या रूपात द्यावे, आणि तेही बाईच्या हातात. गटातल्या सगळ्या सभासदांनी एकदम ठरवले तर मुकादमाला एकेकाला अडवता येणार नाही. एकट्या शेतकऱ्याला हे जमत नाही, म्हणूनच तर सहकार काढला. टोळीचा हिशेब आणि आठवड्याचा खर्ची-वाटप गुत्त्याजवळ होऊ नये, आणि खर्चीचे पैसे नवरा-बायको दोघांच्या समोर मोजून द्यावेत.

दुसरी, नोंद. टोळी उतरली की आठ दिवसांच्या आत प्रत्येक तळावर आशाताई किंवा नर्सबाईंना कारखान्याच्या गाडीतून न्यावे. कोणाला किती महिने झाले हे लिहून घ्यावे. माता-बाल संरक्षण कार्ड नसेल तर काढून द्यावे. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि गर्भारपण नऊ महिन्यांचे. त्यामुळे गावच्या अंगणवाडीचा आहार सुटतो, लोहाच्या गोळ्या सुटतात, प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे अडकतात. हे सगळे तळावर मिळाले पाहिजे. त्याच वेळी प्रत्येक बाईला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, दारू, तंबाखू आणि मिश्रीबद्दल एकांतात, सासू-नवरा समोर नसताना विचारावे. निवडक बायांना विचारले तर त्यांच्यावर शिक्का बसतो. सगळ्यांना विचारले तर कोणालाच लाज वाटत नाही.

तिसरी, सोबतीण. ऊसतोड कुटुंबांतलीच, थोडी वयस्क, बोलकी, स्वतः या सगळ्यातून गेलेली बाई निवडून तिला शिकवावे आणि पगार द्यावा. पंधरा गरोदर बायांमागे एक पुरे. ज्या बाईला लत आहे तिच्यासाठी तिने विशेष वेळ द्यावा. इथे एक धोक्याची सूचना: रोज भरपूर पिणाऱ्या गरोदर बाईने एका दिवसात दारू तोडली तर तिला झटके येऊ शकतात आणि ते तिच्या व बाळाच्या जिवावर बेतू शकते. अशा बाईला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावे. आपल्या भागात मनमाडचे उपजिल्हा रुग्णालय आहे. प्रसूती आणि ने-आण सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केले, स्त्रियांसाठी निराळी सोय आहे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मनाच्या आजाराबद्दल फुकट सल्ला मिळतो. सोबतिणीच्या जवळ हे सगळे लिहिलेले असावे.

चौथी, खाडा माफ. सहावा महिना लागला की बाईने मोळी वाहू नये आणि रात्रीचा ट्रक भरू नये. तपासणीच्या दिवशी आणि बाळंतपणाच्या काळात खाडा धरला जाऊ नये, आणि तो भार मुकादमावर न टाकता कारखान्याने उचलावा. तळावर अंघोळीला गरम पाणी, सरपण, आडोसा आणि दिवा असावा. ऐकायला हे दारूपासून फार लांबचे वाटेल. पण अंग शेकायला गरम पाणी आणि रात्रीची सलग झोप मिळाली, तर ज्या कारणाने बाई घोट घेते त्यातले अर्धे कारण तिथेच संपते.

पाचवी, निरोप. पट्टा पडला, टोळी परत निघाली, की त्या बाईचे कार्ड आणि सोबतिणीची चिठ्ठी तिच्या गावच्या आशाताईकडे पोचली पाहिजे. चाळीसगाव असो, कन्नड असो की बीडचा डोंगरपट्टा, हंगाम संपला म्हणून तिचे पोट संपत नाही.

आता खर्च. सभेत पहिला प्रश्न हाच येणार, आणि तो रास्त आहे. टनामागे एक रुपया धरा. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला वर्षाचे शंभर रुपये. पाच लाख टन गाळप असेल तर पाच लाख रुपये उभे राहतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे शासनाने ठरवलेलेच आहे. त्या पैशातून आपल्या तळावरच्या बाईला काय मिळाले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे, आणि तो आपण बजावला पाहिजे.

दुसरा आक्षेप येईल की मजूर मुकादमाचे आहेत, आपले नव्हेत. करारनाम्यात तसे असेलही. पण ऊस कोणाच्या रानातला तोडला जातो? साखरेच्या पोत्यावर नाव कोणाचे? १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो सावकार आणि खाजगी कारखानदार यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या लहान शेतकऱ्यासाठी. आज त्याच शेतकऱ्याच्या दारात त्याच्याहून लहान माणूस उभा आहे. सहकाराची खरी कसोटी तिथे लागते.

तिसरा आक्षेप थोडा कडक आहे. अशा बायांना दम द्या, पोलिसात द्या, टोळीत घेऊच नका, म्हणजे आपोआप सुधारतील, असे काही जण म्हणतील. असे केले तर एवढेच होईल की बाई पोट लपवील, दारू लपवील आणि दवाखाना टाळील. मुकादम गरोदर बाईला टोळीत घेणार नाही, आणि मग ती दिवस गेलेलेच सांगणार नाही. धाकाने पहिले नुकसान पोटातल्या बाळाचेच होते. आणि नवऱ्याला मोकळे सोडून एकट्या बाईला धारेवर धरणे तर बिलकूल न्यायाचे नाही. कोपीत दारू आणतो कोण? घरातला गडी गरोदरपणाचे नऊ महिने बाटली आणणार नाही असे ठरवील, तर बाईचे काम निम्म्याने हलके होते. टोळीतल्या पुरुषांची बैठक घेऊन हे त्यांच्या गळी उतरवणे मुकादमाला सहज जमण्यासारखे आहे. त्यासाठी त्याला कमिशनवर चार पैसे जास्त द्यावे लागले तरी आमची ना नाही.

शेवटी आमच्याच घरच्या मायबहिणींसाठी दोन शब्द. हा विषय फक्त कोपीतला नव्हे, बंगल्यातलाही आहे. लग्नाकार्यात, हॉटेलात, शहरात नोकरीला असलेल्या लेकी-सुनांच्या घरी आता बाटली टेबलावर येऊ लागली आहे. दिवस गेल्याचे कळायलाच महिना-दीड महिना जातो. म्हणून मूल हवे असे ठरले की त्याच दिवसापासून दारू बंद. आणि अजाणता कोणी घेतली असेल तर घाबरून रडत बसू नये. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ज्या दिवशी थांबली, त्या दिवसापासून बाळाचा फायदाच आहे.

थोडक्यात, ठराव असा मांडावा: "या कारखान्याच्या हंगामात आलेली कोणतीही गरोदर माता दारूच्या आधारावर दिवस काढणार नाही, कारण तिला त्याहून चांगला आधार कारखाना देईल, आणि कोणताही सभासद खुशाली म्हणून दारू देणार नाही." सूचक आम्ही होतो. अनुमोदन आपण द्यावे.